ग्रीसचे पैसे

झोन ऑफिसात लेखा विभागात होतो मी, एकतीस वर्षं.
आमच्या लेआउटमधल्या बगीच्याची फाईल
सहा वेळा माझ्या टेबलावरून गेली.
झुला दुरुस्ती, दोन नग. साखळी, चार नग.
सहाही वेळा मीच लिहिलं,
हिरव्या शाईनं नाही, ती साहेबांची,
आपल्या साध्या निळ्या शाईनं:
‘सद्यःस्थितीत या शीर्षाखाली निधी शिल्लक नाही.’
खोटं नव्हतं ते.
निधी कारंज्याच्या शीर्षाखाली होता,
आणि कारंजं उद्घाटनाच्या दिवशी चाळीस मिनिटं उडालं.
माझ्याही शर्टावर थेंब आले होते.

आता सकाळी साडेपाचला तिथंच येतो.
डॉक्टर म्हणाले, गुडघे चालते ठेवा.
मे महिन्यात सातनंतर ऊन टोचतं,
नऊ वाजता बाकाच्या लोखंडावर
पोळी भाजून घ्यावी.
निंबाखाली रंभाबाई उईके एकट्याच.
ठेकेदाराच्या कागदावर माळी तीन.
उरलेले दोघं मी कधी पाहिले नाहीत,
सह्या मात्र ओळखतो,
तिन्ही एकाच हाताच्या.
‘बोअरची मोटर जळली जी,’ त्या म्हणाल्या,
‘मी घरून आणून राहिली दोन गुंड पाणी.
त्या जास्वंदाले काय समजते,
टेंडर निघालं का नाही ते.’

झुल्याची एक चौकट रिकामी.
दुसरीला पोरांनी स्कूटरचा टायर बांधलाय
नायलॉनच्या दोरीनं.
पलीकडच्या वस्तीतली पोरं,
भिंतीच्या खिंडारातून येतात.
फाटकावर पाच रुपये तिकीट लावायचा ठराव झाला होता एकदा.
तिकिटं छापलीच नाहीत,
छपाईला पैसे कुठले.
खिंडारातून यायची सवय तेवढी राहिली.

रविवारी मीटिंग झाली. घरटी शंभर रुपये.
वैरागडे उठले, ‘टॅक्स भरतो ना बे आपण? मंग हे कायले?’
बरोबर होतं त्यांचं.
निखाडेबाईंनी न बोलता नोट टेबलावर ठेवली
आणि वर स्टीलचा पेला, पंख्यानं उडू नये म्हणून.
त्यांचंही बरोबर होतं.
मी गप्प बसलो.
माझ्याकडे दोन्ही बाजूंची उत्तरं होती,
जावक क्रमांकासहित.

आठ घरं. आठशे रुपये.
हनीफभाई वेल्डर मोपेडच्या मागे मशीन बांधून आले.
वीज कुठून घ्यायची?
वैरागड्यांच्या खिडकीतून एक वायर हळूच खाली उतरली,
खिडकीत कुणी नव्हतं.
ठिणग्या उडाल्या तेव्हा पोरं
डोळ्यांवर पंजे ठेवून
बोटांच्या फटीतून बघत होती.
काम संपवून हनीफभाईंनी विचारलं,
‘बिल कोणाच्या नावानं करू, साहेब?’

एकतीस वर्षं बिलं तपासली.
मनपाच्या नावाची, प्रन्यासच्या नावाची,
मेलेल्या माणसाच्या नावाचंही एक.
‘कोरं ठेवा,’ म्हणालो.

टायरवाली पोरगी आधी बसली,
तिचाच हक्क होता.
झुला वर गेला, खाली आला,
आणि असा करकरला
की निंबावरचे पोपट उठले.
रंभाबाई नळी सोडून हसायला लागल्या,
नळीत पाणी नव्हतंच तसंही.
‘ग्रीस लावा लागते जी,’ हनीफभाई मशीन बांधत म्हणाले,
‘महिन्यातून एकदा तरी.’

मी खिशातला कागद काढला.
साखळी पाचशे वीस, मजुरी दोनशे ऐंशी.
शिल्लक शून्य.
ग्रीसचे पैसे कुणी धरलेच नव्हते.
त्या सहा फायलींतही नव्हते,
आता आठवतंय.

घरी आलो. हिच्या शिवणयंत्राच्या खणात
तेलाची कुपी सापडली.
अर्धी आहे.